सासूबाईंची चूळ

माझ्या सासूबाई नवीन माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. त्यांच्या मुलीशी मला लग्न करायचंय, हे सांगायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा नोकरी, घर, पुढचा विचार असं बरंच काही पाठ करून गेलो होतो. माझे पोहे संपेपर्यंत त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही डाव्या बाजूने चावत नाही. कधीपासून दुखतेय दाढ?"

होकार मिळाला की नकार, हे न कळताच मी बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर आडवा होतो आणि त्या माझ्या डोक्याशी नळी धरून उभ्या होत्या. बायको अजून सांगते की मी पसंत पडलो तो तिथेच, कारण मी ओरडलो नाही. आता तोंडात तिच्या आईची नळी असताना कोण कसा ओरडणार, हे तिला मी अजून समजावतो आहे.

सासूबाई दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहेत. सासरे लवकर गेले, माझी बायको तेव्हा बालवाडीत होती. जवळच्या दवाखान्यात फोन घ्यायला बाई हवी होती म्हणून सासूबाई गेल्या आणि फोनपासून खुर्चीपर्यंत कधी पोचल्या ते त्यांनाही आठवत नाही. आधी मोठे डॉक्टर होते, आता त्यांची मुलगी, धाकट्या डॉक्टर, दवाखाना बघतात. डॉक्टर कोरतात, भरतात, उपटतात. त्या वेळात तोंडात साचणारी लाळ नळीने ओढून घ्यायची ती सासूबाईंनी. लोक घाम गाळून पोट भरतात, सासूबाईंनी दुसऱ्यांची लाळ ओढून स्वतःचं आणि लेकीचं भरलं. असं मी एकदा गंमतीत म्हणालो तर त्यांना राग आला नाही. "खरंय," म्हणाल्या, "आणि घामापेक्षा ते काम गारव्यात असतं."

काम झालं की त्या पेशंटच्या हातात पेला देतात आणि म्हणतात, "चूळ भरा." दिवसभर हेच दोन शब्द. ते इतके जिभेवर बसलेत की घरीही सुटत नाहीत. बायको लहानपणी शाळेतून आली की आधी चूळ, मग दप्तर खाली. पाहुणा आला की पाणी देतानाच त्यांची नजर मोरीकडे वळते. गल्लीतली पोरं त्यांना चूळकाकू म्हणतात आणि त्यांना ते ठाऊक आहे.

त्या स्वतः तर काय विचारूच नका. पर्समध्ये कंगवा नसेल एक वेळ, पण हिरव्या औषधाची छोटी बाटली असायलाच हवी. कुणी आपल्या तोंडात बघणार असेल, मग तो घशाचा डॉक्टर असो की कुणी आणखी, त्याआधी चूळ भरायची. दवाखान्यात लोक जेवून तसेच येतात, दातांत जेवण अडकलेलं असतं, वास येतो, आणि त्यावर त्यांनी आयुष्यभर तोंड वाकडं न करता काम केलंय. आपल्यामुळे कुणावर ती वेळ येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. यात चूक काढायला मला तरी जागा दिसत नव्हती.

मग आमची मुलगी झाली. दिवस भरायच्या बऱ्याच आधी झाली आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. इतकी लहान की तिच्या पायात घातलेला नावाचा पट्टा माझ्या अंगठीला गुंडाळता आला असता. बायकोच्या टाक्यांमध्ये पू झाला, ताप उतरेना, त्यामुळे तिला बाळाच्या खोलीत मज्जाव. खालच्या मजल्यावर आई पडलेली आणि वरच्या मजल्यावर लेक, आणि मध्ये मी जिन्यावरून खाली-वर. लिफ्ट होती, पण मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे. त्या लिफ्टचा आवाज ऐकूनच मी जिना धरला.

डॉक्टर म्हणाले, औषधं आम्ही देतोच आहोत, पण या बाळाला माणसाची ऊब हवी. रोज काही तास कुणीतरी उघड्या छातीवर तिला घेऊन बसायचं. आई येऊ शकत नाही, तर बाप बसेल. बाप बसला. आणि काय सांगू, बसल्या क्षणापासून मला वाटायला लागलं की मी तिला चिरडतोय. मी लाकडासारखा ताठ व्हायचो, ती कुरकुर करायची, तिच्या अंगाला जोडलेलं यंत्र टुकटुक वाजायला लागायचं आणि सिस्टर येऊन तिला परत पेटीत ठेवायच्या. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "घरात दुसरं कुणी नाही का? तिची आजी वगैरे?"

आजी होती. आजी तर बोलावणं कधी येतं याची वाट बघत दातांच्या दवाखान्यात उभी होती.

पण त्या खोलीत कुणी असंच उठून जाऊ शकत नव्हतं. हवेत एक विषाणू फिरत होता. मोठ्यांना साधी सर्दी, फार तर घसा खवखवतो, आणि आपण विसरूनही जातो. तोच अशा बाळाच्या छातीत शिरला तर श्वास कोंडतो. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या लाळेची रोज तपासणी. पूर्वी नाकात काडी घालायचे, पण रोज रोज कोण नाकात काडी घालून घेणार, माणसं टाळायला लागली. मग लाळेवर आले. तळमजल्यावरच्या खिडकीत एक गृहस्थ छोटी नळी देतात, तिच्यावर एक रेघ असते, तिथपर्यंत आपली लाळ सोडायची. फेस धरत नाहीत. काही तासांनी फोनवर निकाल येतो. खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की त्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, ब्रश करू नका, तोंड धुऊ नका. मी तर सकाळी उठल्या उठल्या, पारोशा तोंडाने जाऊन द्यायचो. आयुष्यात एवढी सोपी परीक्षा मी दिली नव्हती.

सासूबाई दुपारी कामावरून थेट आल्या. घसा बसलेला होता, पण तो गेली कित्येक वर्षं बसलेलाच असतो. नळीच्या घरघरीत डॉक्टरांशी बोलून बोलून त्यांचा आवाज तसाच झालाय. खिडकीवरची सूचना त्यांनी चष्मा लावून वाचली. "सकाळपासून चहासुद्धा नाही घेतला," म्हणाल्या. मग मास्क नीट करायला म्हणून बाजूच्या मोरीत गेल्या, आल्या, नळी घेतली आणि रेघेपर्यंत भरून दिली. जराही फेस नाही. गृहस्थ म्हणाले, "वा, सवय दिसते." त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या लाळेची."

संध्याकाळी निकाल आला. विषाणू आढळला नाही. मी बायकोला खाली जाऊन सांगितलं तेव्हा तापातही ती उठून बसली. "आई घेणार तिला," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. सुटल्यासारखं वाटून माणूस रडतो ना, तसं. मलाही हायसं वाटलं. तिला आता कुणीतरी धड धरेल, या विचाराने मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

बाळाच्या खोलीच्या दाराची स्प्रिंग सैल होती, दार आपोआप मिटत नव्हतं. मी बाहेरून ते धरून उभा होतो, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं आणि ऐकू आलं. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, झगा घातला. पलीकडे सिस्टरांनी पेटीचं झाकण उघडून बाळाच्या नळ्या एका बाजूला घेतल्या होत्या. खुर्ची तयार होती. आणि सासूबाईंनी पर्समधून हिरवी बाटली काढली.

"आजी, ते काय?" सिस्टरांनी विचारलं.

"चूळ भरते. बाळाच्या इतक्या जवळ जायचं."

"अहो, तोंडावर मास्क राहणार आहे. गरज नाही त्याची."

"तरी असू दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी झाकण उघडलं. बाटली तोंडाजवळ नेली आणि तिथेच थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला वाटलं चक्कर आली की काय.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "हे औषध जंतू मारतं. तो विषाणूही मारतं का?"

"सगळा नाही. तोंडातला थोडा वेळ कमी होतो. म्हणून तर नमुन्याआधी चूळ भरू नका म्हणतो. का हो?"

सासूबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. नीट, आटे फिरवून. "मग माझा निकाल धरू नका. मी खिडकीवर जायच्या आधी मोरीत चूळ भरली होती."

सिस्टर म्हणाल्या, "सूचना वाचली नव्हती?"

"वाचली होती. अगदी चष्मा लावून वाचली. पण मी चूळ भरते तेव्हा मी काही करतेय असं मला वाटतच नाही हो. श्वास घेऊ नका असं लिहिलं असतं तरी मी वाचलं असतं आणि श्वास घेतलाच असता."

बाळ त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतं. म्हणजे खरंच, हात लांब केला असता तर लागलं असतं. त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं, झगा काढून घडी करून ठेवला आणि माझ्या हातातल्या दारातून बाहेर आल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला सांगू. ताप नाही, खोकला नाही, निकाल चांगला आलाय, लेक खाली वाट बघतेय, आणि ही बाई दारातून परत फिरते. बाकावर बसल्यावर मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो, "आई, मी डॉक्टरांना विचारतो. एवढ्याशा चुळीने काय होतंय, चालेल म्हणतील."

त्या म्हणाल्या, "तुम्ही ब्रेक न तपासता कुणाला लिफ्टमध्ये बसू देता?"

"नाही."

"मग मला का बसवताय?"

मी डॉक्टरांकडे जायचा विचार सोडला. बायकोने मात्र फोनवर त्यांना सोडलं नाही. तिचं मला सगळं ऐकू येत होतं, कारण सासूबाईंनी फोन कानापासून लांब धरला होता. इतकी माणसं चूळ भरतात, तुलाच मेलीला सांगायची काय गरज होती, माझ्या बाळाला कुणीच घेणार नाही का, असं बरंच. सासूबाई फक्त म्हणत होत्या, "येते गं मी. आज नाही, पण येते." फोन ठेवल्यावर त्यांनी पर्समधली बाटली काढून माझ्या हातात दिली. "ही तुमच्याजवळ ठेवा. माझा माझ्यावर भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दात न घासता घराबाहेर पडल्या. हे वाचायला सोपं आहे. ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांनाच यातलं गांभीर्य कळेल. एकावर एक दोन मास्क, त्यावर पदरासारखी ओढून घेतलेली शाल, आणि तोंडातून चकार शब्द नाही. मी विचारलं, "रिक्षा करू?" मान हलली. "झोप लागली?" मान हलली. खिडकीवरच्या गृहस्थांनी, "आजी, काल दिलात ना?" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सगळी कथा सांगितली. गृहस्थांनी नवी नळी दिली आणि म्हणाले, "यात लाजण्यासारखं काय आहे. इथे सगळे असेच येतात."

पण नळी भरेना. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. आदल्या दिवशी क्षणात भरणाऱ्या बाईच्या तोंडात थेंब नव्हता. नळी ओठाला, डोळे मिटलेले. त्यांना भीती वाटत होती. एवढं करून निकाल चांगला आला तर काल उगाच लेकीला रडवलं, आणि वाईट आला तर, त्याचा तर त्यांना विचारच करवत नव्हता.

पाणी पिता येत नाही, काही चघळता येत नाही. गृहस्थ मला म्हणाले, "काहीतरी आंबट बोला त्यांच्याशी."

त्यांनी सासूबाईंना खिडकीशेजारच्या पडद्याआड बसवलं आणि मी अलीकडे उभा राहून बोलायला लागलो. "आई, लिंबू आहे. पातळ सालीचं, पिवळंधमक. सुरी फिरवली, दोन फोडी झाल्या. बोटांना रस लागलाय. वर मीठ भुरभुरवलं. आता ती फोड जिभेवर ठेवायची आणि दाताखाली..." एवढं बोलेपर्यंत माझ्याच तोंडाला एवढं पाणी सुटलं की मला थांबून गिळावं लागलं. रांगेतल्या दोन बायका घसा साफ करायला लागल्या. पडद्याआडून पहिल्यांदा आवाज आला. सासूबाई हसत होत्या, नळी तोंडाशी धरूनच. नळी भरली. यावेळी फेस होता, पण गृहस्थांनी तो खाली बसू दिला आणि रेघेशी मोजून घेतलं.

दुपारी मी बाकावर बसलो होतो. त्या जरा लांब, झाडाखाली उभ्या होत्या. फोन त्यांच्याच हातात वाजला. त्यांनी वाचलं, मला खूण केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून फोन लांबूनच धरला. विषाणू आढळला. तोच, बाळांच्या छातीत बसणारा.

मी ती ओळ पुन्हा वाचली. काल संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्या असत्या. आमची मुलगी त्यांच्या छातीवर, त्यांच्या हनुवटीखाली असती, आणि मी दार धरून आनंदाने बघत उभा असतो. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मग ते घडलं नाही हे लक्षात आलं. माझा जीव भांड्यात पडला. वाईट बातमी आलेली असताना एवढं हलकं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

सासूबाई झाडाच्या बुंध्याला टेकल्या होत्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे भरून आले होते. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई मी सांगितलं." मग म्हणाल्या, "माझ्या लेकीला तुम्हीच सांगा. माझं ऐकायची नाही ती." मी सांगितलं. बायको म्हणाली, "आईने दात घासले का आता, विचार." मी बाटली बाकावर ठेवून लांब झालो, आणि त्यांनी ती उचलून नेली.

धाकट्या डॉक्टरांना कळवून त्या घरी बसल्या. साधी सर्दी झाली, दोन दिवस नाक गळलं, एवढंच. खोलीतल्या कुणाला काही झालं नाही. माझाही निकाल रोज चांगला येत राहिला. पण आता बाळाला धरायला पुन्हा मीच.

मी खुर्चीत बसलो, फोन कानाशी. पलीकडे सासूबाई. "घेतलं का?"

"घेतलं."

"ताठ झालात ना? दाढ काढतानाही असेच झाला होतात. खांदे सोडा आधी. नाही सुटत? बरं, पायाची बोटं हलवा."

"काय?"

"पायाची बोटं हलवा. बुटात. एकेक करून. माणसाला एका वेळी एकाच ठिकाणी ताठ राहता येतं. मी सगळ्या घाबरटांना हेच सांगते."

मी बोटं हलवली. वेड्यासारखा बुटातल्या बुटात बोटं हलवत राहिलो, आणि खांदे कधी खाली आले मला कळलंच नाही. यंत्र वाजलं नाही. बाळ कुरकुरलं नाही. थोड्या वेळाने तिचा श्वास माझ्या श्वासाबरोबर खाली-वर व्हायला लागला आणि फोनमध्ये सासूबाई हळूच म्हणाल्या, "आता बोलू नका. मीही नाही बोलत." फोन चालूच होता. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.

सर्दी गेली. त्यानंतरही त्यांनी लागोपाठ नमुने दिले, पारोशा तोंडाने, लिंबाशिवाय. ज्या दिवशी त्या पहिल्यांदा आत गेल्या त्या दिवशी बायकोचाही ताप उतरला होता. चाकाच्या खुर्चीतून ती वर आली, आणि दार धरायला मी होतोच. सासूबाईंनी बाळ घेतलं ते असं, की जणू गेले कित्येक दिवस ते त्यांच्याचजवळ होतं. मग त्यांनी ते लेकीच्या छातीवर ठेवलं आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसल्या.

आता ती पोरगी चांगली गुटगुटीत आहे. दात यायला लागलेत, त्यामुळे तोंडातून सारखी लाळ. रविवारी सासूबाई आमच्याकडे येतात आणि ती त्यांच्या खांद्याला चिकटते. परवा त्यांचा सगळा खांदा ओला झाला. इतकी वर्षं लाळेचा थेंब दिसला की ज्यांचा हात आपोआप पुढे जायचा त्या बाईंना मी रुमाल दिला. त्यांनी तो घेतला नाही.

"राहू दे," म्हणाल्या. "हिचीच आहे."

पानं वाढून झाली होती. आम्ही बसलो. बायको म्हणाली, "आई, चूळ भरायची राहिली तुझी." सासूबाईंनी मोरीकडे पाहिलं, मग खांद्यावर झोपलेल्या नातीकडे पाहिलं, आणि एका हाताने पान पुढे ओढून जेवायला सुरुवात केली.